चाळिशीनंतर परदेशात जाऊन घोडेस्वारीचं लहानपणचं स्वप्न पुरं करता येतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४२, लहानपणापासून घोड्यावर बसायचं होतं, पुढच्या सुट्टीत परदेशात ते जमवायचंय. कुठं जावं, आधी किती शिकावं? आणि शेवटी, घरचे म्हणतात 'आता या वयात हाडं मोडून घेशील'. त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले.

करता येतं. मी ४४व्या वर्षी केलं. किर्गिझस्तानात, सोन-कुल तलावाकाठी.

आमचं घर कोल्हापुरात कावळा नाक्याजवळ. ताराराणींचा पुतळा शाळेला जाता-येता रोज दिसायचा. मागच्या पायांवर उसळलेला घोडा आणि त्यावर पक्की मांड घेतलेली बाई. १७०० साली राजाराम महाराज गेले आणि पंचविशीतल्या ताराबाईंनी पुढची सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं, हे आमच्याकडं पोराटोरांना तोंडपाठ असतं. आणि त्याच गावात, मी नऊ वर्षांची असताना, घोडा शिकायला दादाला पाठवलं. मला नाही. आजी म्हणाली, "पोरीच्या जातीनं घोड्यावर टांग टाकायची नसते." आबा काही बोलले नाहीत, म्हणजे विषय संपला.

मी रोज सकाळी सहाला दादाबरोबर जायचे, त्याची पाण्याची बाटली सांभाळायला. कठड्यावर बसून सगळं बघायचे. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, कसा आवळतात, रिकिबीत पाय किती घालायचा, घोडा कान मागं पाडतो तेव्हा लांब का राहायचं. दादा तीनदा पडला. तिन्ही वेळा त्याची चिखलानं भरलेली पँट मी मागच्या हौदावर धुतली, आईला कळू नये म्हणून. सहा महिन्यांत त्याला कंटाळा आला आणि त्यानं सोडून दिलं. मला तेव्हाही कुणी विचारलं नाही.

तुम्हाला कुणीतरी सांगेलच की पन्हाळ्यावर शंभर-दोनशे रुपयांत बसा की घोड्यावर, परदेश कशाला. दादा मला अजून हेच म्हणतो. मी बसलेय पन्हाळ्यावर, रंकाळ्यावरही. लगाम दुसऱ्याच्या हातात असतो, घोडा त्या माणसाच्या मागनं चालतो आणि आपण फोटोसाठी हसतो. घोडेवाल्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांचं पोट आहे त्यावर. पण त्याला घोडेस्वारी म्हणू नका. आपल्या हातातल्या लगामानं जनावर वळलं पाहिजे आणि आपण सांगितल्यावर थांबलं पाहिजे.

म्हणून आधी इथं शिका. मी चार महिने शिकले, आठवड्यातून तीन सकाळी. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "मॅडम, लगामाला लोंबकळू नका, मांडीनं धरा." दुडकी चाल येईपर्यंत, म्हणजे घोड्याच्या ठेक्यावर उठ-बस जमेपर्यंत, तिकीट काढू नका. चालत्या घोड्यावर कुणीही बसतं. दुडकीत कळतं मांड आहे की नाही.

दिल्लीहून बिश्केक, तिथून गाडीनं कोचकोर आणि पुढं किझार्ट गाव. तिथं घोडा मिळाला. तांबूस, कपाळावर पांढरा टिळा, रेसच्या घोड्यांपेक्षा बराच बुटका, पण पाय असे की दगडधोंड्यातनं कुठं ठेवायचा ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. खोगिरावर गोधडीसारखी घडी टाकलेली. मी शिकल्याप्रमाणं दोन्ही हातांनी लगाम धरला. वाटाड्यानं माझा उजवा हात सोडवला, सगळा लगाम डाव्या हातात दिला आणि उजव्यात एक आखूड चाबूक ठेवला. म्हणाला, "कामची." मी म्हटलं, "कमची!" शाळेत मास्तरांच्या हातात असायची ती कमची. हा शब्द मूळचा तुर्की, फारसीतनं आपल्याकडं आलेला. घोड्यावर बसूनच आला असणार.

पहिला दिवस चढाचा. सोन-कुल ३,०१६ मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीला थोडं कमी, आणि खिंड त्याहून उंच. दुसऱ्या दिवशी तलावाकाठचं सपाट गवत लागलं. वाटाड्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. मी टाच लावली आणि तो शिकवतो तसं "चू!" म्हटलं. दुडकी दोन-तीन पावलंच टिकली, मग धक्के एकदम थांबले. टापांचे तीन ठोके, मग एक क्षण जमीन सुटते, पुन्हा तीन ठोके. समोर फक्त दोन कान, पुढं टवकारलेले, आणि आयाळ माझ्या बोटांवर आपटत होती. मी ओरडत होते. मराठीतच ओरडत असणार.

संध्याकाळी आम्ही ज्या तंबूत उतरलो तिथल्या बाई घोड्यांच्या धारा काढत होत्या. त्या दुधाचं आंबवून कुमिस करतात. त्यांची मुलगी खोगीर न घालता, नुसती आयाळ धरून, लांब गेलेल्या घोड्या वळवून आणत होती. बोटांवर वय विचारलं. तिनं नऊ बोटं दाखवली. मी तंबूच्या मागं जाऊन खूप वेळ रडले.

परतताना बिश्केकमध्ये सुट्ट्या पैशांत ५० सोमची नोट आली, त्यावर एक बाई. वाटाड्या म्हणाला, कुर्मानजान दात्का, एकोणिसाव्या शतकात अलाई भागातल्या किर्गिझांची पुढारी. मी मोबाइलमधला आमच्या चौकातला पुतळा दाखवला. त्यानं फोटो मोठा करून आधी घोड्याचे पाय बघितले, मग बाईचा हात.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. सुट्टी मे महिन्यातली असेल तर सोन-कुल नको, तेव्हा वर बर्फ असतं. तंबू जून ते सप्टेंबर. हेल्मेट स्वतःचं न्या. आत सायकलवाल्यांची चड्डी घाला, नाहीतर मांड्या सोलतात. साध्या प्रवास विम्यात घोडेस्वारी बऱ्याचदा धरत नाहीत, आधी वाचून घ्या. कंबर किंवा मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. उंचीचाही त्रास होतो, मला पहिल्या रात्री झोप लागली नाही. आणि हाडं मोडू शकतात, हे घरच्यांचं खोटं नाही. पण ती बावीस वर्षांच्या मुलाचीही मोडतात आणि त्याला कुणी अडवत नाही.

दादाची मुलगी आता दहाची आहे. गेल्या दिवाळीत मी तिचं नाव घोडा शिकायला घातलं. दादा फोनवर म्हणाला, "अगं, पडली तर?" मी म्हटलं, "तू तीनदा पडलास. पँट मीच धुतली होती. तिचीही धुवीन."