भिंतीला टेकून बसा, पण मोठ्याने मोजत

ताई, बाबा ६८ वर्षांचे, गोळी घेऊनही बीपी १४८-९०, गुडघे दुखतात आणि मे महिन्याच्या उन्हाने अंबाझरी तलावावरचं फिरणं बंद. मग भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचा व्यायाम चालेल का, असं तुम्ही विचारलं. डॉक्टर हो म्हणाले तर चालेल. मी ७१ चा आहे, दोन वर्षांपासून करतोय.

सगळ्यात आधी श्वास. जोर लागला की माणूस नकळत दम कोंडतो. मीही कोंडायचो. एकदा दुसऱ्या फेरीनंतर उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली, बायकोने दंड धरून पलंगावर बसवलं. तेव्हापासून मी मोठ्याने आकडे मोजतो. बोलताना दम कोंडताच येत नाही. स्नायू ताणलेला असताना बीपी वाढतंच, दम कोंडला की आणखी उसळतं. फायदा नंतर होतो. स्नायू सैल पडला की अडलेलं रक्त जोरात धावतं, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि त्या रुंदावतात. हे आठवडेच्या आठवडे होत राहिलं की एरवीचं बीपीही उतरू लागतं.

२०२३ मध्ये २७० चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. अशा स्थिर व्यायामाने वरचं बीपी सरासरी ८ आणि खालचं ४ ने उतरलं. चालणं-धावणं या प्रकारात साधारण साडेचार आणि अडीच. म्हणून गोळी मात्र सोडायची नाही.

चित्रात मांड्या जमिनीला समांतर दाखवतात, बाबांना त्याची गरज नाही. पावलं दीड फूट पुढे, पाठ भिंतीला, वीतभर खाली घसरलं की पुरे. अनवाणीच करायचं, मोजे घातले की टाइल्सवरून पाय सटकतो. चाचण्यांत दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये विसावा, आठवड्यातून तीनदा असं असतं. बाबांनी २० सेकंदांपासून सुरू करावं. गुडघा बोललाच तर गुंडाळलेला नॅपकिन मुठीत धरून एक तृतीयांश जोराने आवळायचा.

बीपी १८०-११० च्या वर असेल, हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

आणि आपल्या नागपूरचं ऊन! ४५ अंशांत घाम जातो, त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल तर उठताना बीपी एकदम पडतं. सकाळी सातच्या आत, कूलरच्या खोलीत, पाणी पिऊन करा. बीपी व्यायामाआधी, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. पहिले पंधरा दिवस कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं राहा.