मुलं आणि आजी सोबत असताना एका दिवसासाठी कुठला समुद्र?

तुमचा प्रश्न असा आहे: ठाण्याहून रविवारी सकाळी निघून रात्री परत यायचं, सोबत सहा आणि नऊ वर्षांची मुलं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, अलिबागच्या बाजूच्या किनाऱ्यांपैकी काशीद, नागाव की किहीम? माझं मत सांगतो. काशीद या खेपेला सोडा. नागाव आणि त्याला लागूनच असलेलं आक्षी धरा. पण त्याआधी तुमचा रविवार कोणत्या तिथीला येतोय ते बघा, कारण दिवस चांगला जाणार की नाही हे गावाच्या नावापेक्षा त्यावर जास्त ठरतं.

आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. शुक्ल असो की वद्य, गणित तेच, आणि भरती दिवसा एकदा, रात्री एकदा. साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी मोबाईलवर अलिबागचं भरतीचं वेळापत्रक पडताळून घ्या. पण महिनाभर आधी रविवार निवडायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

लहान मुलं असतील तर तृतीया ते षष्ठीमधला रविवार मी निवडेन. चतुर्थीचंच बघा. सकाळी नऊला ओहोटी संपते आणि तिथून तीनपर्यंत पाणी चढत राहतं. तुम्ही दहाच्या सुमारास पोहोचलात तर मुलं पाण्यात असतात तो सगळा वेळ समुद्र किनाऱ्याकडे येत असतो. एकादशीला उलटं. सव्वाआठला भरती होऊन गेलेली, मग सव्वादोनपर्यंत पाणी आत ओढत जातं. त्या दिवशी मुलांना घोट्यापलीकडे पाण्यात सोडू नका. मात्र अलिबागचा कुलाबा किल्ला चालत बघायचा असेल तर एकादशी-द्वादशीची दुपार उत्तम, फक्त पाणी वळायच्या आत परत या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. भरती दुपारी बाराच्या आसपास येते, पाणी झपाट्याने चढतं आणि तितक्याच जोरात उतरतं. मुलांसोबत तो रविवार टाळलेला बरा.

आता काशीद का नको. वाळू सुंदर, पांढरट, फोटो छान येतात, हे खरंच. पण अलिबागपासून पुढे चौल, रेवदंडा, कोर्लई करत अजून तीसेक किलोमीटर जावं लागतं. एका दिवसात जाऊन-येऊन मुलं गाडीतच कंटाळतील. शिवाय तिथे किनारा लवकर खोल होतो, लाटा जवळ येऊन फुटतात आणि बुडण्याच्या घटना घडलेल्या आहेत. मुक्काम करणार असाल तर मुरूड-जंजिऱ्याला जोडून जरूर जा, मुलांना पोहायला म्हणून नको.

किहीम शांत आणि झाडीचं आहे. सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास इथेच केला, त्यामुळे पक्ष्यांची आवड असेल तर माझा कल तिकडे. पण ओहोटीला काही भागात खडक उघडे पडतात. मुलांना धावायला सपाट, लांबलचक वाळू आक्षीलाच मिळेल. तिथे सुरूचं बनही आहे. सासूबाईंना सावलीत खुर्ची टाकून बसता येईल, आणि त्यांचा दिवसही तितकाच महत्त्वाचा आहे. नागाव अगदी लागून. वॉटर स्पोर्ट्सचा गोंगाट तिकडे, रविवारी गर्दीही तिकडेच. म्हणून समुद्र आक्षीचा आणि जेवण नागावचं, असं करा. नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये घरगुती जेवण मिळतं, पण आदल्या दिवशी फोन करून माणसं आणि शाकाहारी-मांसाहारी ताटं सांगावी लागतात. तिथेच काही तासांसाठी एक खोली मागा. अंघोळ, कपडे बदलणं, आजींचं दुपारी पाठ टेकणं सगळं सुटतं. रविवारच्या गर्दीत स्वच्छ बाथरूम शोधत फिरण्यापेक्षा हे पैसे सार्थकी लागतात.

जायचं कसं? पनवेल-पेण-वडखळने सकाळी सहाच्या आत निघालात तर रस्ता बरा. संध्याकाळी वडखळला अडकण्याची तयारी ठेवा. दुसरा पर्याय भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, साधारण तासाभराची. गाडी बोटीतच चढते, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांना मी हीच सुचवतो. गेटवेच्या लाँचला पायऱ्या आणि हलत्या बोटीत पाऊल टाकणं आलं. रविवारचं गाडीचं तिकीट आधीच काढा, परतीचंही.

दोन गोष्टी अगदी कळकळीने. गाडी वाळूत उतरवू नका. ओली वाळू कडक दिसते, चाकं रुततात आणि भरती थांबत नाही. आणि पाण्यात मुलांसोबत एक मोठा माणूस कायम हवा, किनाऱ्यावरून लक्ष ठेवणं पुरेसं नाही. कुणी ओढलं जातंय असं वाटलं तर किनाऱ्याकडे सरळ झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर सरकत ओढीतून बाहेर पडायचं आणि मग यायचं. हे मुलांनाही घरीच समजावून सांगा.

तारीख ठरली की तिथीसकट इथे लिहा, भरतीप्रमाणे दिवसाच्या वेळा लावून देतो.