तपासण्या नॉर्मल, तरी पोट साफ होत नाही

प्रश्न : आईचं वय ६२. गर्भपिशवी काढून १४ वर्षं झाली. शौचाला अर्धा-अर्धा तास कुंथावं लागतं, तरी खाली काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. सोनोग्राफी, सीटी, कोलोनोस्कोपी नॉर्मल. आता डॉक्टर ‘सिग्मॉइडोसील’ची शंका घेऊन एमआर डेफेकोग्राफी (शौचाची क्रिया चालू असताना काढायचा एमआरआय) सांगतात. ती खरंच हवी का? (सांगली)

उत्तर : हवी. कोलोनोस्कोपी आतड्याच्या आतून फिरते; अस्तरावर गाठ, सूज, जखम दाखवते. आतडं लोंबतंय कुठे, हे तिला कळत नाही. सीटी उताणं, निवांत झोपवून काढतात आणि सिग्मॉइडोसील हा हर्निया (आतडं जागा सोडून खाली उतरणं) तेव्हा वर सरकलेला असतो.

योनी आणि गुदाशय यांच्यामध्ये पोटाच्या पडद्याची खोलगट खोबण असते. बाळंतपणं, वर्षानुवर्षांचं कुंथणं, गर्भपिशवीबरोबर गेलेला आधार यांनी ती खोल होते. तिच्यात बहुधा लहान आतडं उतरतं. मोठ्या आतड्याचा सिग्मॉइड हा सैल भाग उतरला तर ते सिग्मॉइडोसील. तो गुदाशयाला पुढून दाबतो. म्हणजे जितका जोर, तितकी वाट बंद.

तपासणीत गुदाशयात सोनोग्राफीची जेल भरतात, साधारण १५० ते २०० मिलि. मशीनमध्ये आधी आवळायला, मग कुंथायला, शेवटी जेल बाहेर टाकायला सांगतात. घोटाळा इथेच होतो. चादर खराब होईल या संकोचाने बायका जोरच करत नाहीत. भरलेला गुदाशय जागा अडवून बसतो. तो रिकामा झाला की मगच सिग्मॉइड खाली येतो. म्हणून आईंना आधीच समजावा : खाली डायपर असतो, जेल पडायलाच हवी. मूत्राशयही गच्च भरलेलं नको. जेल बाहेर पडली का, हे रिपोर्टमध्ये नसेल तर ‘नॉर्मल’वर विसंबू नका. झोपून जमलंच नाही, तर कमोडवर बसवून बेरियमची एक्स-रे डेफेकोग्राफी करता येते.

जघनास्थीपासून (ओटीपोटाखालचं पुढचं हाड) माकडहाडापर्यंत एक रेघ कल्पून आतडं किती उतरलं ते मोजतात. रेघेच्या वर राहिलं तर पहिली पायरी : इसबगोल, पाणी, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा बायोफीडबॅक (यंत्रावर बघत स्नायू आवळायचा-सोडायचा सराव). रेघेच्या बरंच खाली गेलं आणि त्रासही तेवढाच असला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. नुसती योनीची भिंत शिवून मलाची अडवणूक सुटेलच असं नाही, हे सर्जनशी आधी बोलून घ्या.

प्रश्न : आजी ८१ वर्षांच्या, अगदी किरकोळ. उजव्या मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत कळ, कालपासून उलट्या. हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावं का? (चिपळूण)

उत्तर : नाही, आत्ताच सर्जन असलेल्या हॉस्पिटलात न्या, तोंडाने काही देऊ नका. कटीच्या हाडातल्या छिद्रातून आतडं अडकलं (ऑब्ट्युरेटर हर्निया) तर तिथली नस दबून अशीच कळ येते. पाय मागे किंवा बाहेर नेला की ती वाढते. चरबी झडलेल्या वृद्ध स्त्रियांत हा जास्त. डाव्या छिद्रावर सिग्मॉइड पसरलेला असतो, म्हणून उजवीकडे अधिक. फुगवटा स्नायूंखाली दडतो, हाताला लागत नाही. सीटी मांडीच्या वरच्या भागापर्यंत काढायला सांगा.