एकटं निघायचंय, पण दोर कोण धरणार?

प्रश्न: ताई, दोन वर्षं झाली इनडोअर वॉलवर क्लाइंबिंग करतेय, लीड करते (म्हणजे दोर खालून सोबत नेत, वाटेत अडकवत चढते), सहा-बी या मध्यम अवघड दर्जापर्यंतचे रूट (चढाईच्या ठरलेल्या वाटा) जमतात. बाहेरच्या कातळावर मात्र फार तर आठ-दहा दिवस चढले असेन, तेही ग्रुपसोबत. तीन आठवड्यांची सुट्टी जमवून परदेशात क्लाइंबिंगला जायचं ठरवलं होतं, पण जी मैत्रीण येणार होती तिचं रद्द झालं. आता एकटीने जाऊ का? पैसे मोजके आहेत, रोज गाईड परवडणार नाही. आणि अनोळखी माणसाच्या हातात दोर द्यायचा या विचारानेच पोटात गोळा येतो, ही भीती उगाच आहे का?

उत्तर: अजिबात उगाच नाही, आणि ती भीती तिथे पोचल्यावर पण सोडू नकोस. जा असंच सांगेन मी, पण आधी हे डोक्यात पक्कं कर की एकटीने प्रवास करता येतो, एकटीने लीड क्लाइंबिंग करता येत नाही, म्हणजे तुझ्या ट्रिपचा सगळा प्लॅन पार्टनर मिळण्याभोवती फिरला पाहिजे. बाकी तिकीट, राहणं वगैरे नंतर.

म्हणून जागा अशी निवड की जिथे राहायचं ठिकाण आणि कडा यांच्यात चालत जाण्याइतकंच अंतर असेल आणि सीझनमध्ये जगभरचे क्लाइंबर गोळा होत असतील. गाडी लागत नाही हा पैशाचा फायदा, पण त्याहून मोठा फायदा हा की सकाळी त्याच वाटेने सगळे कड्याकडे निघालेले असतात आणि संध्याकाळी त्याच दोन-चार ठिकाणी बसलेले असतात, तिथे पार्टनर शोधणारी तू एकटीच नसतेस. ग्रीसचं कालिम्नोस बेट असंच आहे, मसूरी गावात राहिलीस तर बरेच कडे पायी गाठता येतात, चुनखडीचा दगड, बोल्ट केलेले (दोर अडकवायला कातळात पक्के खिळे बसवलेले) हजारो रूट, आणि सोपे रूटही भरपूर. वसंतात नाहीतर शरद ऋतूत जा, भर उन्हाळ्यात तिथला कातळ तापतो. जवळच्या कोस बेटापर्यंत विमान आणि पुढे फेरी हा रस्ता बरेच जण घेतात. थायलंडमध्ये क्राबीजवळ टोनसाई आणि रायले, ही खरंतर मुख्य भूमीच आहे पण कड्यांमुळे रस्ता नाही, बोटीनेच जावं लागतं, डिसेंबर ते मार्च हवा कोरडी असते. लाओसमध्ये थाखेकजवळ कड्यांच्या पायथ्याशीच क्लाइंबरचा कॅम्प आहे, तिथे पहिल्याच संध्याकाळी ओळखी होतात. मेक्सिकोतलं पोत्रेरो चिको पण मस्त आहे आणि हिवाळ्यात गजबजलेलं असतं, पण तिथलं नाव आहे ते लांबलचक मल्टी-पिचसाठी, म्हणजे एकावर एक टप्पे (पिच) करत चढायच्या उंच रूटसाठी, आणि दोन दिवसांपूर्वी भेटलेल्या माणसाबरोबर दहा पिच वर जाणं तुझ्या अनुभवाला मी सुचवणार नाही. तुझ्या जागी मी असते तर कालिम्नोस किंवा थाखेक. तीन आठवडे एकाच ठिकाणी काढ, तीन देश करायच्या नादाला लागू नकोस. दर वेळी प्रवासाचे पैसे जातात ते जातातच आणि दर वेळी पार्टनर नव्याने शोधावा लागतो.

आता दोर कोण धरणार. कुणी 'चल येतेस का' म्हटलं की लगेच हो म्हणू नको, आधी त्या माणसाला दुसऱ्या कुणाला बिले देताना, म्हणजे खालून दोर सांभाळताना, अर्धा तास बघ. खालचा हात, म्हणजे ब्रेकचा दोर धरलेला हात, कधी सुटतो का? ग्रिग्री (झटका बसला की दोर आवळणारं बिले डिव्हाइस) वापरत असेल तर दोर पटकन सोडण्यासाठी कॅम, म्हणजे त्यातला दोर आवळणारा भाग, अंगठ्याने दाबूनच ठेवतो का? ग्रिग्री आपोआप पकडतं म्हणून हात सोडणारे लोक खूप भेटतील, पण ते ब्रेकला मदत करणारं साधन आहे, हाताची जागा घेणारं नाही. पहिला बोल्ट क्लिप व्हायच्या आत भिंतीपासून लांब उभा राहून गप्पा मारतोय का? हे सगळं नीट दिसलं तरी पहिला रूट खूप सोपा घे आणि टॉप-रोपवर, म्हणजे दोर आधीच वरून लावलेला असताना, घे. मग हळूहळू लीड. आणि चढायच्या आधी एकमेकांचं हार्नेस, गाठ, बिले डिव्हाइस, कॅराबिनरचं (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीचं) लॉक हात लावून बघायचं, रोज, प्रत्येक रूटला, तो वीस वर्षं चढत असला तरी. जो याला हसेल किंवा कंटाळेल त्याच्याबरोबर चढू नको, सरळ 'आज नको' म्हणून दुसरा शोध. यात उद्धटपणा काही नाही. वजन पण बघ, तो तुझ्यापेक्षा खूप जड असेल तर तो पडल्यावर तू झटक्याने वर ओढली जाशील, हे आधी बोलून घ्यायचं.

भाषेचा मुद्दा लोक विसरतात आणि मोठे अपघात तिथेच होतात, म्हणजे वर अँकरला (रूटच्या टोकाला दोर ओवायच्या पक्क्या जागेला) पोचल्यावर. तू म्हणतेस मला खाली सोड, खालच्याला वाटतं ही स्वतः रॅपल करून (दोरावरून आपली आपण उतरून) येणार, तो बिले काढतो. म्हणून जमिनीवर असतानाच ठरवा की वर गेल्यावर नक्की काय करणार, लोअर की रॅपल, आणि टेक (दोर ताण), स्लॅक (दोर ढिला सोड), लोअर (खाली सोड) एवढेच शब्द, सोबत एकमेकांचं नाव, कारण शेजारच्या रूटवरही कुणीतरी टेक ओरडतच असतं. रूट क्लीन करताना, म्हणजे शेवटी आपलं सामान काढून घेताना, अँकरमधून दोर ओवून घ्यायची पद्धत निघण्याआधी जमिनीलगत इतक्या वेळा कर की झोपेतही जमेल.

एक माझ्याबाबतीत घडलेलं सांगते. एका ट्रिपला नवीन पार्टनर होता, दोर त्याचा, साठ मीटरचा, आणि आम्ही चढलो तो रूट होता बत्तीस मीटरचा. म्हणजे खाली यायला चौसष्ट मीटर दोर हवा, हे साधं गणित दोघांनीही केलं नाही. मला खाली सोडताना दोर संपला, आणि मी जमिनीवर आपटले नाही ते फक्त दोराच्या टोकाला मारलेल्या गाठीमुळे, ती गाठ त्याच्या डिव्हाइसला येऊन अडकली आणि मी दोन माणसांच्या उंचीवर लटकत राहिले. शेजारच्या क्लाइंबरनी उतरवलं. तेव्हापासून कुणाचाही दोर असो, टोकाची गाठ मी स्वतः मारते आणि रूटची लांबी गाईडबुकात बघितल्याशिवाय चढत नाही.

पैशाचं म्हणशील तर राहण्यात वाचव, डॉर्ममध्ये राहा, तंबू टाक, स्वतः शिजव, सीझनच्या अगदी सुरुवातीला नाहीतर शेवटाला जा. पण त्यातून वाचलेल्या पैशांतून पहिले दोन दिवस गाईड किंवा तिथला छोटा कोर्स घे. अनुभवी माणसाच्या नजरेखाली तुझ्या सवयी तपासल्या जातात, कातळाची ओळख होते, आणि त्या कोर्समध्येच पुढचा पार्टनर भेटण्याची शक्यता चांगली असते. वॉलवरचा सहा-बी बाहेर सहा-बी नसतो, त्याहून सोप्या पाच-सी पासून सुरुवात कर. दोन दिवस चढ, एक दिवस आराम. बोटांची कातडी आणि टेंडन दोन्ही तिसऱ्या दिवशी कुरकुरतात, आणि पहिल्याच आठवड्यात बोट दुखावून बसलीस तर उरलेले दोन आठवडे समुद्र बघण्यातच जातील.

प्रश्न: सामान कमी ठेवायचंय, स्वस्त विमानात बॅगेचे पैसे वेगळे पडतात. दोर न्यावा की तिकडे भाड्याने घ्यावा? आणि साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स पुरतो का?

उत्तर: शूज, हार्नेस, हेल्मेट आणि बिले डिव्हाइस स्वतःचंच हवं. शूज तर केबिन बॅगेतच, कारण बॅग हरवली तर बाकी सगळं उसनं मिळेल पण पायाला बसणारे शूज मिळणार नाहीत. सत्तर मीटरचा दोर साडेचार किलोच्या आसपास भरतो, त्यात चौदा क्विकड्रॉ (बोल्टला दोर अडकवायचे, पट्टीने जोडलेले दोन कॅराबिनर) धरले की जवळपास सहा किलो झाले. तरी एकटे जाणार असाल तर मी म्हणेन दोर न्याच, बॅगेचे पैसे तिकिटासोबतच भरून टाका, एअरपोर्टवर भरायला गेलात तर जास्त पडतात. स्वतःच्या दोराचा इतिहास तुम्हाला माहीत असतो, कुणी पडल्यामुळे तो कितीदा ताणला गेला, कुठे घासला, आणि दोर असलेल्या माणसाला पार्टनरही लवकर मिळतो. क्विकड्रॉ अर्धेच न्या, उरलेले पार्टनरचे. एक जुना कॅराबिनर जास्तीचा ठेवा, रूट अर्ध्यात सोडावा लागला तर बोल्टवर ठेवून खाली येता येतं, तेव्हा त्याचा लोभ करू नका. स्टोव्हचा गॅस विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, तो तिकडेच घ्यायचा.

दोर आपला चांगला असला तरी बोल्ट तिथलेच असतात. समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत स्टीलचे बोल्ट आतून तडकतात आणि वरून चांगले दिसतात, म्हणूनच टोनसाई-रायलेला रूट टायटॅनियमने पुन्हा बोल्ट केले गेले. कुठला रूट नव्याने बोल्ट झालाय ते तिथल्या क्लाइंबिंग शॉपमध्ये विचारायचं, गाईडबुक जुनं असू शकतं.

इन्शुरन्सबद्दल, ग्रीससारख्या युरोपीय देशांसाठीच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, पण ती पॉलिसी व्हिसासाठी चालली म्हणजे क्लाइंबिंगला लागू झाली असं नाही. बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये दोर वापरून केलेली चढाई वगळलेली असते. वगळलेल्या गोष्टींचं पान पूर्ण वाचा, दोराने चढाई चालते का, उंचीची मर्यादा आहे का, कड्यावरून रेस्क्यू करायचा खर्च धरलाय का की फक्त हॉस्पिटलचा, हे लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. काही अल्पाइन क्लबांच्या मेंबरशिपमध्येच रेस्क्यूचं कव्हर येतं, ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबचं उदाहरण क्लाइंबरमध्ये सगळ्यांना माहीत आहे. इथे पैसे वाचवू नका. हवं तर दोन दिवस कमी राहा.

प्रश्न: आमचा मुलगा बावीस वर्षांचा आहे, एकटाच क्लाइंबिंगला परदेशात निघालाय. अडवायचं नाही, पण आम्हाला यातलं काही कळत नाही. त्याला नेमकं काय विचारून ठेवावं?

उत्तर: अडवत नाही आहात हे वाचून खरंच बरं वाटलं. पॉलिसीचा नंबर आणि चोवीस तास चालणारा मदतीचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या, राहण्याच्या जागेचाही. युरोपात असेल तर आपत्कालीन नंबर ११२, थायलंडमध्ये टुरिस्ट पोलिसांचा ११५५. चढताना त्याला फोन करू नका, बिले देणाऱ्याचं लक्ष फोनकडे जाणं खूप वाईट. त्यापेक्षा रोज सकाळी त्याने एका ओळीचा मेसेज टाकायचा, आज कुठला कडा, कोणासोबत, आणि रात्री परत आल्यावर दुसरा. रात्रीचा मेसेज किती उशिरापर्यंत आला नाही तर तुम्ही तो जिथे राहतोय तिथे फोन करायचा, ती वेळ त्याच्यासोबत बसून आत्ताच ठरवा, आणि ती वेळ व्हायच्या आधी फोन करायचा नाही हेही तुमच्याकडून कबूल करा.