पासवर्ड एकदम टाईट, तरी बातमी फुटली कशी?

प्रश्न : आमच्या टीममध्ये सगळ्यांचे पासवर्ड मोठे आहेत, टू-फॅक्टर पण लावलंय, तरी आम्ही कुठल्या क्लायंटच्या मागे आहोत ते समोरच्या कंपनीला आमच्याआधी कळलं. कुणी आतलाच फितूर झालाय का? आणि हे ऑपसेक म्हणतात ते काय असतं?

उत्तर : झालाही असेल, पण आधीच कुणाकडे वाकड्या नजरेने बघू नका. व्हिएतनाम युद्धात अमेरिकनांना पण असंच वाटलं होतं, की बॉम्बहल्ल्याआधीच शत्रू सावध होतोय म्हणजे नक्की हेर आहेत नाहीतर कोड फुटलाय. मग १९६६-६७ मध्ये 'पर्पल ड्रॅगन' नावाची टीम बसवली आणि निघालं काय, तर बी-५२ बॉम्बर विमानांचे मार्ग नि वेळा नागरी विमानवाहतुकीला आधीच कळवल्या जात होत्या, म्हणजे गुपित ते स्वतःच वाटून टाकत होते 😀 ऑपसेक, म्हणजे 'ऑपरेशन्स सिक्युरिटी', हे नाव तिथूनच आलं.

तर ऑपसेक म्हणजे कुलूप नाही, कुलपाच्या बाहेर आपण काय काय सांडून ठेवलंय ते समोरच्याच्या नजरेने बघणं. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावण्याच्या अ‍ॅपच्या नकाशावरून लष्करी तळ दिसले होते, जवान रोज ज्या वाटेने पळायचे त्या वाटाच चमकत होत्या. कुणी काही हॅक केलं नव्हतं.

तुमच्याकडे काय सांडलं असेल? एखाद्याच्या वाढदिवसाचा ग्रुप फोटो उघडा आणि झूम करून बघा, केकच्या मागे व्हाईटबोर्डवर निळ्या मार्करने क्लायंटचं नाव नि डेमोची तारीख असते, पुसायचं राहून गेलेलं. मग कुणीतरी त्या क्लायंटच्या तीन माणसांना एकाच आठवड्यात लिंक्डइनवर अ‍ॅड केलेलं असतं, सुट्टीचा ऑटो-रिप्लाय पण प्रोजेक्टचं नाव सांगतो. एकेक तुकडा फालतूच, पण जोडणारा जोडतो ना. म्हणून सगळं लपवायच्या फंदात पडू नका, ते जमत नाही आणि माणसं वैतागतात, फक्त कुठल्या दोन-तीन गोष्टी कळल्या तर खरं नुकसान होईल तेवढं ठरवा आणि त्यांचे तुकडे कुठून गळतात ते बुजवा.

आणि आधी एक करून बघा, या कामात नसलेल्या एखाद्या मित्राला सांगा की नुसतं फोनवर नेट बघून आमचा क्लायंट शोधून दाखव. तासाभरात त्याने नाव सांगितलं तर टीममधल्या कुणाला विचारायची गरजच नाही.