राकेश शर्मा अंतराळातून आल्यावर कुठे गायब झाले? त्यांना परत का पाठवलं नाही?

'गायब झाले' वाचून हसू आलं. गायब कसले, आमच्या नाशकातच होते की!

म्हणजे नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या ओझरला. तिथल्या एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीच्या) कारखान्याला आम्ही अजून 'मिग'च म्हणतो, कारण १९६४ मध्ये तो उभा राहिला तोच मिग-२१ ही लढाऊ विमानं बांधायला. शर्मा १९८७ मध्ये एचएएलमध्ये आले आणि १९९२ पर्यंत या नाशिक विभागाचे चीफ टेस्ट पायलट होते. पुढे बंगळूरला गेले.

माझे वडील मिगमध्ये फिटर. आम्ही पोरं द्राक्षाच्या मळ्यात असलो आणि वरून विमान गेलं, की "राकेश शर्मा चालले" म्हणून ओरडायचो. आत कोण असेल ते देव जाणे.

हे काम म्हणजे काय, ते वडिलांनी जेवताना समजावलेलं. कारखान्यातून निघालेलं नवं विमान हवाई दलाच्या ताब्यात जाण्याआधी कुणीतरी पहिल्यांदा उडवून बघावं लागतं. ते हवेत वेडंवाकडं वागतं का, इंजिन ठरल्याप्रमाणे ताकद देतं का, हे एकेक करून तपासायचं. खाली उतरून खोट लिहून द्यायची, ती दुरुस्त झाली की पुन्हा वर जायचं. तेव्हा ओझरला मिग-२७ बांधली जायची. इंजिन एकच. बंद पडलं तर दुसरं नाही. एकदा अंतराळात जाऊन आलेला माणूस पुन्हा रोज हे करायला तयार होतो, याचं मला त्या वारीपेक्षा जास्त कौतुक आहे.

अर्थात त्यांचा मूळ धंदाच तो. जन्म १९४९ चा, पतियाळाचा. वाढले हैदराबादला, १९६६ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएत, १९७० मध्ये हवाई दलात, आणि लगेच १९७१ च्या युद्धात मिग-२१ वर. १९८२ मध्ये अंतराळवारीसाठी निवड झाली तेव्हा सोबत रवीश मल्होत्राही होते. दोघांनी मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत रशियन शिकून सगळं प्रशिक्षण घेतलं, पण यानात जागा एकालाच होती. मल्होत्रांचं नाव आज कुणाला आठवत नाही, ते मला खटकतं.

३ एप्रिल १९८४ ला सोयूझ टी-११ बायकोनूरहून उडालं. मालिशेव आणि स्त्रेकालोव हे दोघे सोव्हिएत सोबती. सॅल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर भारताचे फोटो काढणं, वजनरहित अवस्थेत योगासनांचा काही उपयोग होतो का ते बघणं, अशी कामं होती. सगळी वारी पावणेआठ दिवसांहून थोडी जास्त, म्हणजे ७ दिवस २१ तास ४० मिनिटं. 'सारे जहाँ से अच्छा' तुम्हाला माहीतच आहे, ते सोडतो.

परत का पाठवलं नाही? कारण यान आपलं नव्हतंच. मित्रदेशांच्या वैमानिकांना पाहुणे म्हणून नेण्याचा सोव्हिएत कार्यक्रम होता, आणि पाहुण्याला दुसऱ्यांदा बोलावणं यजमानाच्या मर्जीवर. पुढचा भारतीय, शुभांशु शुक्ला, थेट जून २०२५ मध्ये गेला. मधे ४१ वर्षं. तोही हवाई दलातला टेस्ट पायलटच, हे सांगितल्यावर वडील म्हणाले, "मग दुसरं कोण जाणार?"