मेटल कॉम्प्लेक्सपासून (धातूला सेंद्रिय रेणू जोडलेल्या संयुगांपासून) खरंच अँटिबायोटिक होऊ शकतात का? एम.एस्सी.चा प्रोजेक्ट यावर घेऊ का?

घ्या. पण जिवाणूंच्या प्लेटवर नुसतं कॉपर ॲसिटेट, म्हणजे तांब्याचं साधं मीठ, लावू देतील का, हे गाईडना आधी विचारा.

मीही एम.एस्सी. केलं, गोव्यात. सॅलिसिलाल्डिहाइड आणि एथिलीनडायअमीनचा शिफ बेस (धातूला धरणारा सेंद्रिय रेणू, म्हणजे लिगँड): पिवळेधमक पापुद्रे, फिल्टर पेपरवर बघत बसावेसे. त्यात कॉपर ॲसिटेट घातलं की गडद हिरवी पूड, तेच कॉम्प्लेक्स. ती डीएमएसओ या द्रावकात विरघळवून जिवाणू पेरलेल्या अगारच्या (जेलीसारख्या थराच्या) खड्ड्यांत भरायची आणि सकाळी पट्टी लावून झोन, म्हणजे खड्ड्याभोवतीची जिवाणू न वाढलेली वर्तुळं, मोजायचे. एका खड्ड्यात मी नुसतं कॉपर ॲसिटेट भरलं, तांबं तेवढंच. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूवर दोन्ही झोन जवळपास सारखे! गाईड सर म्हणाले, "हा खड्डा टेबलात नको." मी म्हटलं, मग जिवाणू मारले कुणी, कॉम्प्लेक्सने की सुट्या तांब्याने? "व्हायवाला कुणी विचारत नाही." खरंच कुणी विचारलं नाही. मीच सांगितलं, आणि सर निकाल लागेपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत.

तांब्याची ताकद गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरवाल्यांना (पोफळीच्या बागा असणाऱ्यांना) कुणी शिकवायला नको. पोफळींना कोळेरोग (सुपारी कुजवणारा रोग) लागू नये म्हणून पावसाच्या तोंडावर बोर्डो मारतात: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. माझे काका त्यात कोयत्याचं पातं बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला. सुटं तांबं तपासल्याशिवाय काका पंप खांद्यावर घेत नसत, आणि आम्ही प्रबंध लिहायला बसलो होतो.

तुमच्या प्रश्नाबद्दल: होऊ शकतात. भाजलेल्या जखमांवरचं सिल्व्हर सल्फाडायझिन कधीपासून वापरात आहे. ऑस्ट्रेलियातल्या को-ॲड या नवी अँटिबायोटिक शोधणाऱ्या प्रकल्पाने 2020 मध्ये 906 धातुयुक्त संयुगांचे निकाल छापले. त्यांतली 88 जिवाणूंवर किंवा बुरशीवर चालली आणि तपासलेल्या मानवी पेशींना अपाय झाला नाही. निव्वळ सेंद्रिय रेणूंत असं प्रमाण एक टक्काही नव्हतं.

चीलेशनने (लिगँडने धातूला चिमट्यासारखं धरल्याने) धातूची ध्रुवता घटते, मग रेणू पेशीपटलातून सहज आत जातो, हा ट्वीडी या संशोधकाच्या नावाचा परिच्छेद जुन्या प्रबंधातून उचलू नका. लॉग पी (रेणू पाण्यापेक्षा तेलकट द्रावकात किती विरघळतो याचं माप) मोजा, मग लिहा.

हो, एक राहिलं. झोन मोठा म्हणजे औषध जालीम असं नाही. अगारमध्ये जे जास्त पसरतं त्याचा झोन मोठा दिसतो. एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा) काढाच. ई. कोलाय या जिवाणूवर काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, त्याचं बाहेरचं पटल पुष्कळ काही अडवतं. आणि प्लेटवर चाललेली बहुतेक संयुगं औषधाच्या दुकानापर्यंत पोचत नाहीत, हेही धरून चाला.

मी आता वेर्ण्याला एका फार्मा कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे. इथे ब्लँक (नमुन्याशिवायची तुलनेची चाचणी) न लावता रिपोर्ट पुढे सरकवला तर त्यावर कुणी सही करत नाही. गाईड "जागा नाही" म्हणाले तर आणखी एक पेट्री डिश मागून घ्या. डीएमएसओ, मोकळा लिगँड आणि धातूचं साधं मीठ, तिघांनाही खड्डा हवाच.